बरणीवरचा हात

मला राक्षस काढायला सांगितला होता. दोन शिंगं, लोंबती जीभ, हातात कात्री आणि पोटावर ठळक अक्षरात 'बुरशी'. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकानं माझ्याच टेबलावर, माझ्याच पेन्सिलीनं त्याचं कच्चं चित्रही काढून दाखवलं. मी म्हटलं, "असला राक्षस गणपतीच्या मांडवात शोभेल. बुरशी मी रोज बघते, तिला शिंगं नसतात." तो हसला. आमचे मालक हसले नाहीत, कारण पाहुण्याचा चहा यायच्या आधीच मी नाही म्हणून मोकळी झाले होते.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. धामणकर नाक्याजवळ एका चहाच्या हॉटेलावर माडी होती, तिथं आमचं ग्राफचं ऑफिस. साडीचे काठ, टॉवेलाच्या पट्ट्या, चादरींची नक्षी आम्ही चौकटींच्या कागदावर उतरवून द्यायचो. चौकोन भरला की उभा धागा वर, रिकामा सोडला की आडवा वर. त्या हिशेबानं लूमवर कापड निघायचं. मी दिघाशीच्या शेतकऱ्याची मुलगी, ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिलेली, लग्न करून भिवंडीत आलेली. ऑफिसात बाई मी एकटीच. नवरा एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की पाना घेऊन धावणारा. घरात आम्ही दोघं आणि सासू.

दर पावसाळ्यात गोदामांतलं कोरं कापड काळं पडायचं. सुताला खळ लावलेली असते, खळ म्हणजे पीठ, आणि पिठाला ओल लागली की ठिपके धरतातच. कापडाची थानंच्या थानं वाया जायची. म्हणून गावातल्या कापड व्यापाऱ्यांनी मिळून बुरशीवर एक छोटी डॉक्युमेंटरी करायची ठरवली. कारखानदार, हमाल, कामगार आणि त्यांच्या घरच्या बायका, सगळ्यांना ती दाखवायची होती. बुरशी कापडात कशी येते, धान्यात कशी येते, स्वयंपाकघरात कशी येते, असे तीन भाग. बुरशीच्या आतलं जग कॅमेऱ्यात पकडायची सोय नव्हती, म्हणून चित्रं लागणार होती आणि चित्रं काढायला भिवंडीत मी होते.

राक्षस नको तर मग काय काढणार, असं दिग्दर्शकानं विचारलं. मी म्हटलं, आधी मला ती नीट बघू दे. मग त्यानं मला वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेकडे पाठवलं. बाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला गोड. त्यांनी पावाच्या तुकड्यावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत नुसते धागे. बिनरंगी, ओले, एकमेकांत गुंतलेले. त्यातून टाचणीसारखे देठ उभे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळा गोळा. तो गोळा फुटला की त्यातून बीजाणू उडतात, हवेत असतात, ओल दिसली की बसतात, असं बाईंनी सांगितलं. मी किती वेळ डोळा लावून बसले कोण जाणे, मान अवघडली.

घरी येऊन कागद घेतला आणि सवयीनं बुरशी विणली. एक धागा वर, एक खाली, पुन्हा एक वर, एक खाली. ऑफिसातल्या दोघा कारागिरांना दाखवली तर त्यांना त्यात काही खटकलं नाही. एकानं विचारलं, "पन्हा केवढा धरलाय?" तेच चित्र प्राध्यापिकाबाईंपुढे ठेवलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "अहो, ही बुरशी नाही, ही पॉपलीन झाली. बुरशी विणत नाही. तिचा धागा टोकाला वाढतो, वाटेत फाटा फुटतो, त्या फाट्याला पुन्हा फाटा. तिला काठ नसतो." मला कोणी हसलेलं खपत नाही. चित्र तिथंच फाडलं, चौकटींचा कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून कोऱ्या कागदावर नुसते फाटे काढत बसले. हात वळायला वेळ लागला, कारण सरळ रेघ आखायची सवय बोटांत मुरलेली होती.

मग मी घरातच बुरशी वाढवायला घेतली. भाकरीचा तुकडा, खळीच्या कापडाची चिंधी, भिजवलेली डाळ, प्रत्येकावर एक वाटी पालथी घालून खिडकीखाली ओळीनं मांडलं. रोज सकाळी वाटी उचलायची, बघायचं, काढायचं. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये रंगाचा उपयोग नव्हता, म्हणून हिरवी बुरशी कोणत्या करड्यानं दाखवायची आणि पांढरी कोणत्या, याचे नमुने करून भिंतीला चिकटवले. बीजाणूंसाठी दात घासायचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून बोटानं उडवायचे. ब्रश नवऱ्याचा होता. तो नवीन घेऊन आला. सासू मात्र वाट्यांवरून पाय उचलून चालायची. "लोकांच्या सुना घरातली घान काढतात. आमची वाढवतेय, आनि वर तिची चित्रं काढतेय."

सासूचं एक सांगितलं पाहिजे, ती वाईट बाई नव्हती. लवकर विधवा झालेली, खाडीकाठच्या गावातून एकटीनं मुलाला घेऊन भिवंडीत आलेली, लूमच्या कांड्यांवर सूत भरून त्याला मोठं केलेलं. पण तिच्या घरात तिचा कायदा. त्या कायद्याप्रमाणे दर महिन्याला चार दिवस मी बाहेरची असायची. मोरीजवळच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चूल, पाण्याचा माठ, देव आणि लोणच्याची बरणी यांच्याजवळ जायचं नाही. बरणीवर तर सावलीही पडू द्यायची नाही.

ऑफिसला मात्र जायचं. ग्राफला विटाळ होत नव्हता. त्या चार दिवसांत काढलेले माझे काठ लूमवर चढायचे, साडी होऊन दुकानात जायचे आणि तीच साडी नेसून बायका देवळात ओटी भरायच्या. दिघाशीला माझ्या माहेरी तरी भात लावायच्या आवणीच्या दिवसांत हे काही पाळायला कोणाला सवड नसे. सगळ्याजणी चिखलात वाकलेल्या, कोण कितव्या दिवसात आहे हे विचारायला बांधावरचा माणूस खाली उतरत नसे. भात यायचं तसं यायचं. हे मी सासूला एकदा बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली, "भात शेतात असतो. लोनचं घरात असतं."

त्या श्रावणात बरणीला बुरशी आली. सासूनं सकाळी बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, दादरा, सोडला, आत वाकून बघितलं आणि तशीच उभी राहिली. वर पांढरी साय धरली होती आणि सायीवर हिरवट-काळे ठिपके. वर्षाचं लोणचं. तिनं स्वतः कैऱ्या निवडल्या होत्या, मोहरी स्वतः फेसली होती. मी घालतानाच म्हटलं होतं की तेल कमी पडलंय, फोडी वर राहिल्यात. ते कोणाला आठवणार? शेजारच्या चौघीजणी जमा झाल्या. सासू त्यांच्यासमोर मला म्हणाली, "हात लावलास ना गो? भायेरची होतीस तवा?"

"नाही लावला."

"मंग बुरशी काय आभालातून पडली?"

आभाळातूनच पडली होती. हे मी महिनाभर कागदावर काढत होते. मी ज्या वाट्या खिडकीखाली मांडल्या होत्या, त्याच त्यांनी माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून एकमेकींना दाखवल्या. लोणचं नाल्यात ओतलं गेलं. त्या दिवसापासून घोंगडी मोरीजवळून उठून मागच्या पडवीत गेली, जिथं पावसाचं पाणी आत यायचं. "कामाला जाऊ ना?" मी मुद्दाम विचारलं. सासू म्हणाली, "जा की. तिथं कुठं लोनचं हाय."

मी रडले वगैरे नाही. मला राग आला. इतका, की पडवीतल्या भिंतीवर वाढलेली बुरशी मी नखानं खरवडून काढत बसले. करत होते काय? जिच्याबद्दल सगळ्या गावाला शिकवायचं, तिच्याच नावानं मी पडवीत बसले होते.

पुढच्या खेपेला प्राध्यापिकाबाईंना सरळ विचारलं, "बाहेरच्या बाईनं हात लावला तर लोणच्याला बुरशी येते का?"

त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली. "नाही. ओल लागते. ओला डाव, ओली बरणी, तेल कमी, मीठ कमी. बाई कुठल्या दिवसात आहे ते बुरशीला कळत नाही."

"मग तुम्ही त्या दिवसांत घरी बरणीला हात लावत होतात?"

त्यांनी काचपट्टी पुन्हा उचलून पुसायला घेतली. मग म्हणाल्या, "सासूबाई आहेत ना अजून. नव्हते लावत. आता माझे ते दिवसच संपले."

मला त्यांची दया आली असं म्हटलं तर खोटं होईल. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं ही बाई वर्गात उभी राहून बुरशी शिकवते आणि घरी जाऊन कोपऱ्यात बसत होती. मला तसलं म्हातारपण नको.

माहितीपटाच्या तिसऱ्या भागासाठी, स्वयंपाकघरासाठी, दिग्दर्शकानं मला दोन ओळी दिल्या होत्या. डाव कोरडा ठेवा, बरणीचं तोंड बांधून ठेवा. बाकी दृश्य मी रचायचं. मी ते असं रचलं. घोंगडीवर एक बाई लांब बसलेली आहे, शेजारी एकटं ताट, एकटा तांब्या. अक्षर नाही, निवेदन नाही. महाराष्ट्रात ते चित्र कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मग ती बाई उठते, आत जाते, हात धुते, कोरड्या फडक्याला पुसते, बरणीचा दादरा सोडते आणि फोड काढून पुन्हा बांधते. बरणी तशीच स्वच्छ राहते. मग दुसरी बरणी. तिच्यात कोणीतरी ओला डाव बुडवतं, खिडकीतून ठिपके तरंगत येतात, ओलीवर बसतात, धागा फुटतो, धाग्याला फाटा, फाट्याला फाटा, आणि पडदा भरून साय. आता निवेदन: बुरशीला ओल लागते. बस्स.

हाताला नमुना माझाच. डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून उजव्यानं गिरवला, कापून काढला आणि उलटा करून त्याचा उजवा हात केला. त्यावर बांगड्याही रंगवल्या. दिग्दर्शकानं चित्रं ओळीनं लावून पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. "हे दाखवायचं?"

"काय दाखवलंय? एक बाई घोंगडीवर बसलीय."

तो पुन्हा सुरुवातीपासून बघू लागला. त्याला ते आवडलं, एवढं त्याच्या बाजूनं मी सांगते. म्हणाला, घेऊ. मुंबईला एका खोलीत कॅमेरा वर टांगलेला होता, खाली टेबल. पुठ्ठ्याचा हात जरासा सरकवायचा, फोटो, पुन्हा जरासा सरकवायचा, पुन्हा फोटो. हात मीच सरकवला. दुसऱ्या कोणाला लावू दिला नाही. संध्याकाळी पाठ मोडून आली, पण हात बरणीपर्यंत पोचला होता.

थंडीत व्यापाऱ्यांनी फिल्म पाहिली, एका गोदामात, कापडाच्या गाठींवर चादर टांगून. कापडाच्या भागाला सगळे खूष. धान्याच्या भागाला खूष. स्वयंपाकघर आलं आणि खोकले सुरू झाले. दिवे लागल्यावर त्यांच्यातले मोठे शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "बहनजी, बाकी सब बढ़िया. बस वो हाथवाला निकाल दो."

"क्यों?"

"घर की बात है. परदे पे अच्छी नहीं लगती."

दुसरे एकजण मराठी, इथलेच जमीनवाले, ते जरा समजुतीनं बोलले. "बाई, आमची आई येनार हाय बघायला. ती काय म्हनेल?"

मी म्हटलं, "त्यांनाही विचारा, त्या किती वर्षं पडवीत बसल्या." मी पुढे म्हटलं की हात काढायचा असेल तर सगळी चित्रं मला परत द्या. कापडाची, धान्याची, सगळी. तेव्हा दिग्दर्शक मध्ये पडला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. मी बघतो." मी त्या 'बघतो'वर विश्वास ठेवून घरी आले.

पावसाळ्याच्या तोंडावर, गोदामवाल्यांनी वेळेत सावध व्हावं म्हणून, एका टॉकीजमध्ये सकाळचा खास खेळ ठेवला. सगळ्यांना फुकट. पुरुष खाली, बायका बाल्कनीत. सासू सणाची साडी नेसून निघाली, शेजारच्या चौघी बरोबर, आणि वाटेत भेटेल तिला सांगत होती की शिनेमातली चित्रं आमच्या सुनेची हायेत. त्या दिवशी मी बाहेरची होते. बाल्कनीत सासूनं माझ्या आणि तिच्यामध्ये एक खुर्ची रिकामी सोडायला लावली. मी सोडली. म्हटलं, थोड्या वेळाचा प्रश्न आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. प्राध्यापिकाबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी वळून मला हात केला.

काळोख झाला. माझे फाटे पडद्यावर हलताना पहिल्यांदाच इतके मोठे दिसले आणि खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूनंही वाजवल्या. मग स्वयंपाकघर आलं. घोंगडी, ताट, तांब्या. बाल्कनीत कुजबुज झाली. बाई उठली. आत गेली.

आणि लगेच बरणी. दादरा सुटलेला, वर पडदा भरून साय, हिरवट-काळे ठिपके.

हात नव्हता. धुणं, पुसणं, स्वच्छ राहिलेली बरणी, ओला डाव, खिडकीतले ठिपके, काहीच नव्हतं. शेठना हात खुपला होता, म्हणून हातापासून सायीपर्यंतचं सगळं कापलं होतं. घोंगडी त्यांना खुपली नव्हती, ती तर रीतच. बुरशी खुपली नव्हती, तिच्यासाठी तर पैसे दिले होते. मधला तुकडा गेला आणि दोन टोकं जोडली गेली. आता चित्र एवढंच सांगत होतं की बाहेरची बाई उठून बरणीशी गेली आणि लोणचं नासलं. निवेदक वर म्हणत होता, सावध राहा.

शेजारच्या चौघींमधली एक म्हणाली, "बघ, आता तर शिनेमात बी दाखवलं." सासूनं रिकाम्या खुर्चीवरून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, समाधान होतं. माझ्या हातानं काढलेल्या चित्रांनी ती जिंकली होती.

मी उभी राहिले. माझ्या मागच्या बाया बस बस म्हणाल्या. मी कठड्यापाशी गेले आणि ओरडून म्हटलं, "दिवे लावा. हे खोटं आहे."

दिवे लागले. कोणी लावले मला माहीत नाही. खालचे सगळे पुरुष मान वर करून बघत होते, त्यांत माझा नवरा होता, आणि त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, "ही चित्रं मी काढलीत. मधला तुकडा कापलाय. त्या बाईनं हात धुतला, पुसला, बरणी उघडली आणि लोणच्याला काही झालं नाही, असं मी काढलं होतं. बुरशी ओल्या डावानं येते. बाईच्या हातानं येत नाही." खाली कोणीतरी शिट्टी मारली. मला आणखी चेव आला. "आज मी स्वतः बाहेरची आहे. दुसरा दिवस आहे. इथं खुर्चीवर बसलेय. आली का तुमच्या टॉकीजला बुरशी?"

कोणी हसलं, कोणी शी शी केलं. पुढच्या रांगेकडे मी बघितलं. म्हटलं, ही बाई आता उठेल, एक वाक्य बोलेल, तिचं ऐकतील. प्राध्यापिकाबाई मांडीवरच्या पर्सची चेन उघडझाप करत होत्या. जिन्यात त्यांनी माझा हात धरून दाबला. मी सोडवून घेतला. त्यांचा राग मला आजही येतो, शेठचा येत नाही इतका.

घरी जाताना सासू पुढे, मी मागे. ती माझ्या आधी पोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, "सरका." ती हलली नाही, पण मी पुढे झाले तशी शिवेन म्हणून आपोआप बाजूला झाली. महिन्यापूर्वीच घातलेली नवी बरणी कोपऱ्यात होती. मी हात धुतले, कोरड्या फडक्याला पुसले, बरणीवर एक हात ठेवला, दुसऱ्यानं दादरा सोडला. एक फोड माझ्या ताटात वाढली, एक नवऱ्याच्या. दादरा पुन्हा घट्ट बांधला.

सासू म्हणाली, "माजलीस तू."

"हो."

"नासलं तर?"

"नासलं तर पडवीत बसेन, जन्मभर. नाही नासलं तर नाही बसणार."

नवरा तोवर दारात आला होता. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाट ओढला आणि फोड तोंडात टाकली. प्रेमानं खाल्ली की मला घाबरून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. घोंगडी मी धुऊन, घडी करून माळ्यावर फेकली.

त्या बरणीतलं सासूनं वर्षभर खाल्लं नाही. भाकरीबरोबर सुकी चटणी खायची. पण रोज सकाळी अंघोळ झाली की दादरा सोडून आत वाकून बघायची. आषाढात बघितलं, श्रावणात बघितलं. मी दर महिन्याला त्याच दिवसांत, ती समोर असताना, मुद्दाम फोड काढायचे. भिंतींना ओल आली, चपला पांढऱ्या पडल्या, ट्रंकेतल्या माझ्या शालूवरही ठिपके आले. बरणी तशीच. श्रावण गेला तेव्हा सासू म्हणाली, "अजून पाऊस सरला न्हाय." पाऊस सरला तेव्हा म्हणाली, "थंडीत कुठं येते बुरशी?" हट्टाला ती माझ्या वरचढ होती, हे मला मान्य करावं लागलं.

फिल्म मात्र सुधारली नाही. दिग्दर्शकाला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तो तुकडा कुठल्या डब्यात गेला, कोण जाणे. तशीच तुटकी फिल्म व्यापाऱ्यांची माणसं तालुक्यातल्या गावांत दाखवत फिरली. कुठल्या कुठल्या घरात ती बघून एखादीची घोंगडी आणखी लांब गेली असेल, या विचारानं माझ्या जिवाची तगमग व्हायची. दिघाशीला दाखवणार असं कळलं तेव्हा मी माहेरी गेले. पडद्याशेजारी उभी राहिले आणि बाई उठून आत गेल्याबरोबर मशीनवाल्याला थांबवायला लावून मधला तुकडा तोंडानं सांगितला. बायका ऐकत होत्या. मागून एका म्हातारीनं विचारलं, "मंग आमी येवडी वर्सं भायेर बसलो ती कशाला?"

वैशाखात कैऱ्या आल्या. नवऱ्यानं शनिवारी पोतं आणून टाकलं. रविवारी सकाळी मी दाराशी उजेडात ग्राफ घेऊन बसले होते, पोटात कळा येत होत्या, पहिलाच दिवस होता आणि तो सासूला ठाऊक होता. तिनं कैऱ्या धुतल्या, एकेक फडक्यानं कोरडी केली आणि जुन्या लुगड्यावर पसरली. मग विळी उचलून माझ्यापुढे ठेवली. "ऊठ. कैऱ्या कोन चिरनार?"

मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मी पेन्सिल न ठेवता म्हटलं, "मी बाहेरची आहे."

सासू कैऱ्यांवरून मान वर न करता म्हणाली, "मंग? हाताला काय झालंय तुझ्या?"

मी विळी पुढे ओढली आणि पहिली कैरी घेतली.